वर्गाची मांडणी आणि कुलूपबंद कपाट

जून महिना उजाडला की शिक्षणाची चर्चा राज्यात मोसमी पावसाप्रमाणे सुरू होते. वह्यांचे भाव, दप्तराचे ओझे, गणवेशाचे कापड, पाठ्यपुस्तके वेळेवर पोहोचली की नाही, अशा प्रश्नांनी रकाने भरतात. पहिल्या दिवशी मुलांच्या हाती फुले दिली जातात, छायाचित्रे निघतात आणि पंधरवडा उलटला की सारे शांत होते. या चर्चेत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. हे साहित्य ज्या खोलीत जाऊन पोहोचते ती वर्गखोली आतून कशी लावलेली आहे? पाट्या, वह्या, गोष्टींची पुस्तके, मणी, काड्या, रंग ही सामग्री मुलाच्या हाताला लागते, की केवळ कपाटाच्या काचेतून त्याच्या डोळ्यांना दिसते?

हा टापटिपीचा विषय आहे, धोरणाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु साधे त्रैराशिक मांडून पाहावे. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे. म्हणजे दिवसाला चार तास. ज्या वर्गात वह्या वाटणे, पेन्सिल नसलेल्या मुलाची सोय लावणे, खडू शोधणे आणि कपाटाची किल्ली मागवणे यांत दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटे जातात, तेथे रोज २० मिनिटे खर्ची पडली. दोनशे दिवसांत ही मिनिटे ४००० होतात. तास करावयाचे तर सुमारे ६६; म्हणजे कायद्याने देऊ केलेल्या वेळाचा बारावा हिस्सा! एवढा वेळ संपामुळे वा सुट्यांमुळे बुडाला असता तर विधिमंडळात प्रश्न विचारले गेले असते. अव्यवस्थेमुळे बुडालेल्या वेळाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही, एवढाच फरक.

हा हिशेब शहरातील एका इयत्तेच्या वर्गाला जितका लागू आहे, त्याहून कितीतरी अधिक जिल्हा परिषदेच्या लहान शाळेला लागू आहे. त्याच कायद्याने ६० पर्यंत पटसंख्येच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली असे प्रमाण घालून दिले आहे. आपल्याकडील वाड्यावस्त्यांवरच्या बहुतेक शाळा पहिली ते चौथीच्या. म्हणजे कायद्याचे तंतोतंत पालन झाले तरी एका खोलीत, एका शिक्षकापुढे दोन इयत्ता बसणार हे उघड आहे. दुसरा शिक्षक प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला किंवा तालुक्याच्या बैठकीला गेला की चारही इयत्ता एकाच्याच गळ्यात पडतात. बहुवर्ग अध्यापन हा आपल्या ग्रामीण शाळेचा अपवाद नसून नियम आहे. असे असूनही खोलीची मांडणी मात्र एक शिक्षक, एक फळा आणि त्याच्याकडे तोंड करून बसलेली एकच इयत्ता हे गृहीत धरून केलेली असते. जे चित्र मोठ्या गावच्या शाळेसाठी काढले गेले, त्यातच वस्तीवरची शाळा कोंबण्याचा हा प्रकार आहे.

दोन इयत्तांच्या खोलीत मांडणी हीच अर्धी अध्यापनपद्धती असते. शिक्षक दुसरीला हातच्याची वजाबाकी समजावून देत असेल त्या वेळी पहिलीच्या मुलांनी करावयाचे काय? त्यांच्या हाताशी चिंचोके, काड्यांचे गठ्ठे, अक्षरपट्ट्या, चित्रांची पुस्तके असतील, त्या कोठून घ्यावयाच्या आणि कोठे ठेवावयाच्या हे त्यांना ठाऊक असेल, तर ती अर्धा तास आपापली कामात राहतील. हाताशी काही नसेल, तर ‘फळ्यावरचे पाच वेळा लिहा’ या आज्ञेपलीकडे शिक्षकाला मार्ग उरत नाही. दोन्ही गटांनी एकाच फळ्याकडे पाहण्याऐवजी परस्परांकडे पाठ करून दोन भिंतींकडे बसावे, मधून शिक्षकाला फिरता यावे, आणि मुलाच्या बसत्या उंचीवर भिंतीलगत काळ्या रंगाचा पट्टा असावा म्हणजे प्रत्येकाला आपापला फळा मिळेल, एवढ्या गोष्टींना मोठा खर्च येत नाही. तमिळनाडूत कृतियुक्त अध्ययनाची पद्धत सरकारी शाळांतून राबविली गेली तेव्हा असे बुटके फळे आणि मुलांनी स्वतः उचलून घ्यावयाची अध्ययनपत्रे यांवरच तिचा भर होता. पद्धतीच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतील. परंतु खोली बदलल्याखेरीज शिकवणे बदलत नाही, हे तिच्या कर्त्यांनी अचूक हेरले होते.

महाराष्ट्राला हा विचार नवा वाटावयास नको. १९०७ साली रोममध्ये मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले तेव्हा त्यांच्या सुधारणेचा आरंभ मुलाच्या मापाच्या खुर्चीपासून आणि मुलाच्या हाताला पोहोचेल अशा फळीपासून झाला. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले आणि तेथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा विचार महाराष्ट्रात आणला. परंतु ताराबाईंचे खरे मोठेपण पुढचे आहे. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी जे काम केले, त्यात परदेशी साधनांचे महागडे संच बाजूला सारून शंख, शिंपले, बिया, खडे, पाने यांना शैक्षणिक साधनाचा मान दिला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. साधन स्वस्त असो वा महाग, ते मुलाच्या हातात असले पाहिजे आणि काम संपल्यावर ते जागच्या जागी ठेवण्याची सवय हाही शिक्षणाचाच भाग आहे, हा त्या परंपरेचा आग्रह होता. आदिवासी पाड्यावर जे शक्य झाले, ते आज पक्क्या इमारतीत आणि विजेच्या दिव्याखाली अशक्य ठरावे, हे आश्चर्य म्हटले पाहिजे.

मग घोडे अडते कोठे? साधने नाहीत म्हणून अडते, असे उत्तर देण्याची प्रथा आहे. ते पूर्णतः खरे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून निघालेली आणि १९८७ साली सुरू झालेली खडू-फळा योजना जुन्या शिक्षकांना आठवत असेल. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि किमान आवश्यक साधने असा तिचा आराखडा होता. नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानपेटी, गणिताचे साहित्य, खेळणी, वाद्ये अशी सामग्री तिच्याद्वारे खेडोपाडी पोहोचली. तिच्यानंतरही संचांमागून संच आले. परंतु कितीतरी शाळांतून हे साहित्य ज्या पेटीतून आले त्या पेटीतच राहिले. गणिताच्या पेटीचे बिजागर गंजले, पण आतल्या मण्यांना मुलांचा हात लागला नाही. तपासणीच्या दिवशी ते टेबलावर मांडावयाचे आणि साहेबांची जीप वळणाआड झाली की पुन्हा कुलपात ठेवावयाचे, हा शिरस्ता शिक्षकांच्या दोन पिढ्यांनी पाहिला आहे.

याचा दोष शिक्षकाच्या आळसावर टाकणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. खरे कारण जडसंग्रह नोंदवहीत आहे. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू या वहीत चढते आणि मुख्याध्यापक बदलून जाताना ती मोजून पुढच्याच्या ताब्यात द्यावी लागते. पृथ्वीगोल फुटला, चुंबक हरवला, दहा पुस्तकांची पाने सुटली, तर निर्लेखनाचा प्रस्ताव करावयाचा, तो केंद्रप्रमुखांमार्फत वर पाठवावयाचा आणि मंजुरीची वाट पाहावयाची. तोवर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर खुलासे देत बसावयाचे. अशा स्थितीत शहाणा माणूस काय करील? वस्तू वापरली तर ती झिजणार, झिजली तर तो अडचणीत येणार. न वापरली तर ती शाबूत राहणार आणि त्याला कोणी काही विचारणार नाही. वापराबद्दल शिक्षा आणि न वापरण्याबद्दल अभय, असा हा उलटा न्याय आहे. लोखंडी कपाटाला लागलेले कुलूप हे शिक्षकाने लावलेले नसून हिशेबाच्या पद्धतीने लावलेले आहे.

वस्तुतः सहा ते दहा वर्षांच्या मुलांनी हाताळलेली वस्तू दोन-तीन वर्षांत झिजलीच पाहिजे. गोष्टीचे पुस्तक चार वर्षांनीही कोरे करकरीत सापडत असेल, तर लेखापरीक्षकाने आक्षेप घ्यावयाचा तो त्यावर! खडू संपला म्हणून कोणी खुलासा मागत नाही, कारण खडू हा संपण्यासाठीच असतो हे सर्वांना मान्य आहे. अक्षरपट्ट्या, मणी, ठोकळे आणि बालवाचनाची पुस्तके यांचीही गणना त्याच वर्गात झाली पाहिजे.

उलट बाजूने, शोभेची हौसही तितकीच घातक आहे. गेल्या दशकात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीचा प्रयोग केला. जमिनीवर रंगविलेल्या आकृत्यांभोवती बसून मुले संख्या आणि अक्षरे हाताळू लागली. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम राज्याने हाती घेतला, त्या सुमारास हा प्रयोग पाहण्यासाठी दूरदूरचे शिक्षक तेथे जाऊन आले. परंतु अनुकरणात बहुधा जे होते तेच येथेही झाले. ठिकठिकाणी मूळ प्रयोगातील कृती मागे राहिली आणि रंग तेवढा पुढे आला. भिंती ‘बोलक्या’ झाल्या, पण त्या मुलाच्या डोक्यावरून बोलू लागल्या. साडेसहा फुटांवर रंगविलेला पाढा पहिलीच्या मुलाला वाचता येत नाही, आणि एकदा तैलरंगात रंगविलेली भिंत पुढची पाच वर्षे बदलता येत नाही. मुलाने काल काढलेले चित्र आणि आज लिहिलेली चार वाक्ये लावण्यास जी भिंत मोकळी नाही, ती कितीही देखणी असली तरी वर्गाच्या उपयोगाची नाही.

आता प्रश्न मुलाच्या स्वतःच्या साहित्याचा. शिक्षणहक्क कायद्याखाली केंद्राने २०१० साली जे आदर्श नियम केले, त्यांत सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांना तीन गोष्टी विनामूल्य मिळण्याचा उल्लेख आहे: पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश. यांपैकी पहिली आणि तिसरी गोष्ट सर्वांच्या तोंडी असते. मधली मात्र वाक्यातच अडकून पडली. पुस्तक आहे, अंगावर शर्ट आहे, पण लिहावयास वही नाही आणि पेन्सिल बोटभर उरलेली आहे, अशी मुले प्रत्येक वर्गात असतात. ऊसतोड मजुरांच्या, वीटभट्टीवरच्या, शेतमजुरांच्या घरांत ‘आई, वही संपली’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी मूल दोन दिवस विचार करते. मग ते वर्गात लिहिण्याचे सोंग आणते, शेजाऱ्याकडे उसने मागते, ‘विसरलो’ म्हणून सांगते. शिक्षक त्याला विसराळू समजतो, क्वचित उभेही करतो. गरिबीला विसराळूपणाचे रूप घ्यावे लागते, याहून केविलवाणी गोष्ट शाळेत दुसरी नसेल.

राज्य शासनाला ही अडचण दिसली नाही असे नव्हे. २०२३ साली पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने जोडण्याचा निर्णय झाला तो अशाच मुलांचा आणि दप्तराच्या ओझ्याचा विचार करून. हेतू चांगला होता. परंतु पाने किती, कोठे आणि कशासाठी हे वर्गात न ठरता वर ठरले. मुले वेगळ्या वह्या आणीतच राहिली, पुस्तके मात्र जाड झाली. अखेर जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. कोरी पाने गेली, पण ज्या मुलासाठी ती आली होती ते मूल जागच्या जागी आहे. त्याला वही कोण देणार, हा प्रश्नही जागच्या जागी आहे. गणवेशाची कथा याहून निराळी नाही. २०२४-२५ या वर्षात कापडाची खरेदी आणि शिलाई यांची व्यवस्था राज्यपातळीवरून करण्यात आली. मापे चुकल्याच्या आणि विलंबाच्या तक्रारी आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुढील वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्याचे ठरले. दोन्ही अनुभवांचा धडा एकच. मुलाचे माप त्याच्या गावात घेतले जाते, मंत्रालयात नव्हे.

दप्तराच्या ओझ्याचे कोडेही अखेर वर्गाच्या मांडणीपाशीच येऊन थांबते. १९९३ साली प्रा. यशपाल यांच्या समितीने ‘ओझ्याविना शिक्षण’ या आपल्या अहवालात स्पष्ट म्हटले होते की पाठ्यपुस्तके ही शाळेची मालमत्ता मानावी. मुलांनी ती रोज पाठीवर वाहण्याचे कारण नाही. २०१५ साली महाराष्ट्राने आणि २०२० साली केंद्राच्या दप्तरविषयक धोरणाने वजनाची मर्यादा मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर आणून ठेवली. पहिली-दुसरीसाठी केंद्राच्या धोरणाने १.६ ते २.२ किलोग्रॅम असा आकडाही दिला. यानंतर शाळांतून वजनकाटे आले, दप्तरे मोजली गेली, तक्ते भरले गेले. परंतु शाळेत पुस्तक ठेवण्यास फळीच नसेल, तर मूल ते पाठीवर नाही तर कोठे ठेवणार? दप्तर जड आहे याचा अर्थ वर्गखोली रिकामी आहे, असा होतो. वजनकाट्यावर खर्च होणारे श्रम एका फळीवर खर्च झाले असते, तर मोजण्याची वेळच आली नसती.

या सगळ्यावर काही आक्षेप घेतले जातील आणि त्यांचा विचार झाला पाहिजे. कपाट उघडे ठेवले तर वस्तू चोरीला जातील, मुले घरी नेतील, असे शिक्षक म्हणतात. काही जातीलही. पण गोष्टीचे पुस्तक एखाद्या घरी गेले आणि तेथे धाकट्या बहिणीने ते उलटून पाहिले, तर शाळेचे नुकसान नेमके काय झाले? शिवाय हरवणे थांबविण्याचा खात्रीचा उपाय कुलूप हा नसून मोजणी हा आहे, आणि ती मोजणी मुलांनीच करावयाची आहे. फळीवर प्रत्येक वस्तूचे चित्र आणि संख्या असावी, दिवसअखेर दोन मुलांनी ती पडताळावी, आठवड्याने पाळी बदलावी. शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुका आपण हौसेने घेतो. निवडून आलेल्या मंत्र्यांना सांभाळण्यासाठी खरे खाते द्यावयास काय हरकत आहे? गणितातील मोजणी आणि नागरिकशास्त्रातील सार्वजनिक मालमत्ता हे दोन्ही पाठ येथे एकदमच होतात.

दुसरा आक्षेप वेळेचा. माहिती भरणे, पोषण आहाराचा हिशेब आणि सर्वेक्षणे यांतून शिक्षकाला खोली लावण्यास सवड कोठे, हा प्रश्न रास्त आहे. ज्या शाळेत स्वतंत्र कोठी नसल्याने तांदळाची पोती वर्गातच रचावी लागतात, तेथे वाचनकोपरा कोठे करावा हाही प्रश्न रास्तच आहे. कायद्याने कार्यालय, कोठी आणि मुख्याध्यापकाची खोली मिळून एक जागा देण्याचे बंधन घातले आहे. ते बंधन पाळले न जाण्याची किंमत मुले आपल्या बसण्याच्या जागेने चुकवीत असतात. शिक्षकाकडून व्यवस्थितपणाची अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थेने आधी आपली पोती उचलली पाहिजेत.

तिसरा आक्षेप पैशाचा. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत आणि त्यापुढे १०० पटापर्यंत २५ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. त्यातून वीजबिल, स्वच्छता, दुरुस्ती आणि सादिल खर्च भागवावयाचा. ही रक्कम अपुरी आहे आणि ती वर्षाच्या अखेरीस हाती आली तर अपुरी असूनही खर्ची पडत नाही, किंवा घाईने नको त्या वस्तूंवर पडते. पैसा वाढावयास हवा हे खरे; परंतु जो आहे तो जूनपूर्वी पोहोचला तर त्याचे मोल दुप्पट होईल.

तेव्हा करावयाचे ते फार नाही. प्राथमिक वर्गातील हाताळावयाची साधने आणि बालपुस्तके यांची नोंद जडसंग्रहातून काढून ती उपभोग्य वस्तूंत करावी आणि ठरावीक मर्यादेपर्यंत त्यांच्या निर्लेखनाचा अधिकार मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांना द्यावा. लेखनसाहित्याचा हक्क कागदावरून वर्गात आणावा. त्यासाठी प्रत्येक वर्गात वह्या, पेन्सिली, खोडरबर यांची एक सामाईक पेटी असावी, तिच्यावर कोणाचे नाव नसावे आणि तिच्यातून घेणाऱ्याला कारण विचारले जाऊ नये. पाठ्यपुस्तकांचा वापरून झालेला एक संच वर्गातच ठेवावा, म्हणजे नवा संच घरी राहील आणि दप्तर हलके होईल. आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने ‘साहित्य आहे काय?’ हा प्रश्न सोडून ‘यातले झिजलेले काय आहे ते दाखवा,’ असे विचारावयास सुरुवात करावी. प्रश्न बदलला की उत्तरे देण्याची तयारीही बदलेल.

मूल घरातून निघताना आपली गरिबी बरोबर घेऊन येते. ती शाळेच्या उंबऱ्यावर उतरवून ठेवता यावी एवढ्यासाठीच समाजाने शाळा काढल्या. ज्या वर्गात सर्वांसाठी पेन्सिल आहे आणि पुस्तक सर्वांच्या हाताला लागते, तेथे निदान चार तास तरी सारी मुले एका पातळीवर येतात. शेकडो कोटींच्या योजनांचे यशापयश अखेर फळी किती उंचीवर ठोकली आहे आणि कपाटाची किल्ली कोणाजवळ आहे यावर ठरते. शिक्षणखात्याने या वर्षी दुसरे काही नवे केले नाही तरी चालेल. ती किल्ली शिक्षकाला निर्धास्तपणे मुलांच्या हाती देता येईल, एवढे केले तरी पुष्कळ होईल.